नावाआधीची जागा

मैद्याची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातला की पुढे कागदाला झुरळं लागत नाहीत. हे मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं होतं. त्या वर्षी संक्रांतीच्या आधी मी तशी पातेलंभर खळ केली. मुलगी कामावरून छापील नावांचे कागद घेऊन आली होती. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीवर घडी पडणारा लांबच्या लांब कागद. कडा फाडायच्या, नावं कात्रीने सुटी करायची आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणाच्या पाकिटांवर चिकटवायची. त्यातलं एक नाव माझं होतं. त्या नावाच्या आधी काय छापलं होतं आणि नंतर काय छापलं गेलं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

कोणाला दाखवायला नाही. मला बोलायला जमत नाही. चार माणसांत गेलं की माझा घसा आपोआप बंद होतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचायची सवय राहिली. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचते. त्यामुळे लिहिताना तेवढं अडत नाही.

आम्ही डोंबिवलीला पश्चिमेकडे, खाडीच्या बाजूच्या चाळीत राहायचो. मुलगी बालवाडीत होती तेव्हा तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला. लहानसा कारखाना होता, मालकाने यंत्रं विकली आणि कुलूप लावलं. कोणीतरी सांगितलं की सुरतेला कापड रंगवायच्या कामाला माणसं घेतात. सकाळी चहा पिऊन, वळकटी घेऊन ते निघाले. दारात चपला घालताना म्हणाले, "जागा मिळाली की पत्ता कळवतो." पत्ता आला नाही. काही महिन्यांनी कल्याणजवळ मोहने गावात राहणारे माझे दीर सुरतेला जाऊन आले. चार ठिकाणी विचारलं, पोलिसांतही कळवलं. असा माणूस इथे आलाच नाही म्हणणारे भेटले, आणि आला होता पण पुढे गेला म्हणणारेही भेटले. त्यापुढे काही कळलं नाही. आजही मला एवढंच माहीत आहे.

मग माझ्या कपाळाचा प्रश्न आला. माझं माहेर घोडबंदर रोडच्या आत, खाडीकाठच्या गावात. आई तिथून बसने आली, रात्रभर राहिली, आणि सकाळी माझ्या हातात कुंकवाची डबी देऊन म्हणाली, "तो येल तवा येल. तू तुजा कुंकू लाव." मी लावत राहिले. मोहन्याची जाऊ काही बोलली नाही, पण पुढच्या सणाला तिने मला ओटी भरायला बोलावलं नाही. चाळीत काही घरं बोलवायची, काही नाही. वाईट कोणीच नव्हतं. त्यांनाही कळत नसणार.

एकदा एका घरी चैत्राच्या हळदीकुंकवाला गेले होते. घरची सून ओळीने सगळ्यांना कुंकू लावत आली. माझ्यापुढे आली आणि तिचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. तिने वळून सासूकडे पाहिलं. सासूने डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. मग तिने मला लावलं, पण इतकं पटकन की भुवईवर सांडलं. तेव्हापासून बोलावणं आलं की मी साड्या द्यायच्या आहेत असं सांगायची. साड्या खरंच असायच्या. मी घरी फॉल लावायचं काम करायची. कल्याणच्या एका दुकानातून गठ्ठा यायचा.

मुलगी बारावीनंतर कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. तेव्हा डोंबिवलीत गल्लोगल्ली क्लास निघाले होते. चपला बाहेर काढून आत जायचं आणि दोघींत एक मशीन. तिला एक सवय होती. शिकलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात बसायचं नाही. घरात मी एकटीच. ती कॉटवर पाय हलवत सांगायची, मी खाली फॉल लावत ऐकायची.

एक दिवस म्हणाली, "आई, आज केस शिकवलं. म्हणजे अट. टेबलातली माहिती काढताना मधेच विचारायचं, असं असेल तर हे दाखव, तसं असेल तर ते दाखव."

"टेबल म्हणजे?"

"रकाने गं. एका ओळीत एक माणूस. समज तुझ्या साड्या. एका ओळीत एक साडी. कापड कुठलं, रंग कुठला, कोणाची. आता तू फॉल कसा लावायचा ते कसं ठरवतेस?"

"रेशमी असेल तर हातशिलाई. सिंथेटिक असेल तर मशीन."

"झालं. केस, व्हेन रेशमी देन हात, व्हेन सिंथेटिक देन मशीन." तिने टाळी वाजवली. "पण वरून खाली बघत येतं. पहिलं जे जुळेल तिथेच थांबतं, पुढचं वाचतच नाही. म्हणून कुठली अट वर लिहायची ते बघायचं. तू जर सगळ्यात वर लिहिलंस की घाईची असेल तर मशीन, तर?"

मी सुई थांबवून विचार केला. "तर कोणाची तरी घाईची पैठणी मशीनखाली जाईल."

"गेली," ती म्हणाली. "आणि तो आपला दुकानदार बोंबलत येणार."

मला हसू आलं. शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी कोणी मला काही शिकवत होतं, आणि ते मला कळत होतं.

"आणि यातलं काहीच नसेल तर एल्स," ती म्हणाली. "म्हणजे नाहीतर. रेशमी नाही, सिंथेटिक नाही, तर तू काय करतेस?"

"बाजूला ठेवते. दुकानात जाऊन विचारते. न कळलेल्या कापडात सुई घालायची नाही. भोक पडलं की पडलं."

"अगं, ते विचारायला कुठे जाणार? एल्समध्ये काहीतरी सांगून ठेवावं लागतं. मग उरलेल्या सगळ्यांना ते तेच लावतं."

"आणि नाही सांगून ठेवलं तर?"

"तर रिकामं सोडतं. नल."

नल मला लवकर कळेना. मी म्हटलं, नल म्हणजे शून्य का? ती नाही म्हणाली. मग 'नाही' म्हणजे नल का? तेही नाही. "शून्य पण नाही, 'नाही' पण नाही," ती म्हणाली. "माहीत नाही. बस. सर म्हणाले, दोन नल समोरासमोर ठेवून सारखे आहेत का विचारलं, तरी ते हो म्हणत नाही."

"रिकामं आणि रिकामं सारखंच की."

"नाही ना. खालच्या मजल्यावर दोन खोल्यांना कुलूप आहे. दोन्हीत सारखं सामान आहे का?"

"मला काय माहीत?"

"तेच ते म्हणतं."

हे मला पटलं. पुढे तिने वयाचं उदाहरण दिलं. वर्गातल्या एका मुलीचं वय लिहायचं राहून गेलं आहे. वय अठरा असलेल्या दाखव म्हटलं तर ती येत नाही. ठीक आहे. पण अठरा नसलेल्या दाखव म्हटलं तरी ती येत नाही.

"मग ती वर्गात नाही का?" मी विचारलं.

"आहे की. टेबलात बसलीय. दोन्हीकडून विचारलं तरी येत नाही, एवढंच. तिच्यासाठी वेगळं विचारायला लागतं, इज नल असं. नाहीतर एल्समध्ये येते. एल्समध्ये सगळे येतात, ज्यांचं कोणी नाव घेतलं नाही ते."

मी दोरा तोडला आणि दुसरी साडी घेतली. ती आपल्याच नादात होती, आणि मलाही मनात आलेलं तेव्हा शब्दांत धरता आलं नसतं.

क्लास संपल्यावर तिला स्टेशनजवळच्या एका महिला पतसंस्थेत काम लागलं. सुरुवातीला तात्पुरतं. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि सगळ्या सभासदांची माहिती त्यात भरायची होती. मीही तिथली सभासद होते. सभासद होताना छापील अर्जात एक रकाना होता, विवाहित, अविवाहित, विधवा, यांपैकी एकावर खूण करायची. मी पेन धरून बराच वेळ बसले आणि तो रकाना तसाच सोडला. तिथल्या जुन्या कारकून बाईंनी अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि घेतला. दरवर्षी संक्रांतीला संस्थेचं हळदीकुंकू असायचं. पाकिटांवर नावं त्याच बाई हाताने लिहायच्या. माझ्या पाकिटावर 'सौ.' असायचं. त्यांनी माझं कपाळ पाहिलेलं होतं, बहुधा त्यावरून लिहीत असतील. मी कधी विचारलं नाही.

संस्था सगळ्याच सभासदांना बोलवायची, विधवांनाही, आणि तेव्हा ही मोठी गोष्ट होती. पण दारात ताटं दोन असायची. आत जाताना हातातलं पाकीट बघायचे. 'सौ.' असेल तर हळदीकुंकू. 'श्रीमती' असेल तर गुलाबाचं फूल. वाण दोघींना सारखंच. कोणाचा अपमान होऊ नये म्हणून असं ठरवलं होतं. आमच्याकडे तेव्हा श्रीमती लिहिलं की नवरा वारलेला, असंच सगळे धरायचे. मी कधी त्या कार्यक्रमाला गेले नव्हते. पाकीट मात्र डब्यात ठेवून द्यायची.

त्या वर्षी त्या बाई निवृत्त झाल्या होत्या. नावं कॉम्प्युटरवर छापायची ठरलं, आणि ते मुलीचं पहिलं एकटीने केलेलं काम होतं.

रविवारची दुपार होती. मी, मुलगी आणि शेजारच्या वहिनी चटईवर बसलो होतो. मी खळ लावून चिकटवत होते, मुलगी कापत होती, वहिनी वाचून शेरे मारत होत्या.

"ही बघ, हिला कुमारी लावलंय तुझ्या मशीनने. अगं, हिच्या लग्नात मी वरमाईच्या मागे उभी होते. जिलेबी कमी पडली होती."

"तिने लग्नानंतर कळवलं नाही काकू. अर्जात जुनंच आहे."

"मग मशीनला कळायला नको?"

"मशीनला जिलेबी कुठे मिळाली होती?"

वहिनी हसता हसता मला खळीचं पातेलं सरकवायला लागल्या आणि एकदम थांबल्या. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. त्यांनी ती वाचली, मुलीकडे पाहिलं, आणि चिठ्ठी बाकीच्यांत मिसळून टाकली. मला ते दिसलं. मी हात पुसून ती शोधली. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आधी 'श्रीमती'.

मी ती उलटी केली, मागे खळ लावली आणि पाकिटावर चिकटवली. आणखी काय करणार होते?

"आई, कुठली गं ती?" मुलीने विचारलं. तिने पाकीट ओढून घेतलं. तिने चिठ्ठी वाचली.

"मी हे लिहिलं नाही," ती म्हणाली. "विवाहित असेल तर सौ., अविवाहित असेल तर कु., आणि एल्स..." मग तिचा आवाज खाली गेला. "मी विधवांसाठी वेगळी अट लिहिलीच नाही. उरल्या त्या श्रीमती, असं केलं. तुझा रकाना रिकामा आहे."

"चुकलं नाही तुझं," वहिनी म्हणाल्या. "मशीनचं आहे ते."

"मशीनचं नाही काकू. एल्स मी लिहिलाय."

खळ ओली होती. तिने नखाने कोपरा उचलला आणि चिठ्ठी सावकाश काढली. पाकिटावर ओला चौकोन राहिला. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काय लिहू?"

वहिनी म्हणाल्या, "काय लिहू काय विचारतेस? सौ. लिही. इतकी वर्षं लिहीत आलेत."

"मी आईला विचारतेय काकू."

मी म्हटलं, उद्या सांगते. पाकीट बाजूला ठेवलं आणि पुढची नावं चिकटवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली ती सांगतच आली. तिने रिकाम्या रकान्यांच्या ओळी वेगळ्या मागवल्या होत्या, इज नल लावून. मी एकटी नव्हते. बऱ्याच बायका निघाल्या. काहींचं नुसतं लिहायचं राहिलं असेल. पण एकीचा नवरा दुसरीबरोबर राहतो हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं, आणि एकीला माहेरी येऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्या सगळ्या आदल्या दिवशी श्रीमती होऊन कागदावर आल्या होत्या.

"आमच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, रिकाम्या असतील त्यांना सरसकट सौ. लावून टाक, कोणी रागावणार नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, उद्या करते. आधी तू सांग."

दिवसभर साड्यांत डोकं घालून मी त्याचाच विचार केला होता. सौ. लिहिलं तर ते आहेत असं मी सांगते. श्रीमती लिहिलं तर ते नाहीत असं मी सांगते. मला दोन्ही माहीत नाही. इतकी वर्षं कपाळावर कुंकू होतं, पण ते मी आई म्हणाली म्हणून लावत होते, आणि आधी लग्न नव्हतं तेव्हाही लावतच होते. ज्या घरांनी बोलावलं त्यांनी आपल्या मनाने ठरवलं, ज्यांनी नाही बोलावलं त्यांनीही आपल्या मनाने ठरवलं. मला विचारायला कोणी आलं नाही. आणि मीही कोणाला सांगायला गेले नाही.

"नुसतं नाव लिहिता येईल?" मी विचारलं. "आधी काहीच नको."

तिने बोटाने चटईवर अट लिहून पाहिली. मग म्हणाली, "येईल. व्हेन इज नल देन काही नाही. पण आई, ते रिकामं वेगळं. आधीचं रिकामं म्हणजे माहीत नाही. हे रिकामं म्हणजे इथे काही लिहायचं नाही, असं आपण सांगितलेलं. दिसायला सारखंच."

"सारखं नाही," मी म्हटलं. "हे विचारून सोडलेलं आहे."

तिने तसंच केलं. ती अट तिने सगळ्यांत वर लिहिली. मॅडमनी कागद बघून विचारलं की ही नावं बोडकी का? तिने सांगितलं की यांनी आपल्याला काही कळवलेलं नाही, आपण आपल्या मनाने कसं लिहायचं? मॅडम म्हणाल्या, बरं, असू दे. एवढं सोपं होतं ते. मी उगाच दोन दिवस जेवले नव्हते नीट.

माझं पाकीट मी स्वतः चिकटवलं, तरी ते संस्थेच्या शिपायाने चाळीत आणून दिलं तेव्हा मी ते उघडायच्या आधी पुन्हा वाचलं. नाव जरा डावीकडे सरकलं होतं.

आणि त्या वर्षी मी गेले. मुलगी आत कामात होती. संस्थेच्या सभागृहाच्या दाराशी दोन ताटं घेऊन माझ्याच वयाच्या एक बाई उभ्या होत्या. पुढच्या दोघी पाकीट दाखवून आत गेल्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी वाचलं. अंगठा हलवून खाली काही लपलं आहे का ते पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला ते हवेत थांबलेलं बोट आठवलं, आणि माझे पाय मागे फिरायला लागले. पण त्यांनी वळून दुसऱ्या कोणाकडे पाहिलं नाही.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "कुंकू लावू की फूल देऊ?"

येताना वाटेत मी उत्तर ठरवून आले होते. चांगलं वाक्य होतं. ते सगळं घशात राहिलं.

"दोन्ही द्या," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं. त्यांनी माझ्या कपाळाला नीट, सावकाश, मधोमध कुंकू लावलं आणि हातात गुलाब दिला. मागून येणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना विचारलं, "दोन्ही मिळतात होय?"

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "अगं, केसमध्ये एकच मिळतं. पहिलं जुळलं की थांबतं."

"मी तुझ्या टेबलात नव्हते तेव्हा," मी म्हटलं. "दारात होते."

वाणाला चहाची गाळणी होती. ती पुष्कळ वर्षं टिकली. गुलाब दोन दिवस दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवला होता. मग पाकळ्या सुटल्या आणि साडीला डाग पडेल म्हणून मी त्या काढून तुळशीत टाकल्या.